एक फ्लॅट, दोन रिपोर्ट आणि साडेसत्तेचाळीस लाख

ठाण्यातल्या पाचपाखाडीतली जुनी सोसायटी. इमारत १९८४ सालची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नवरा-बायकोने २०१२ मध्ये ५८ लाखांना घेतला, दोघांच्या नावावर. कर्ज ४५ लाखांचं, तेही दोघांच्या नावावर. मे २०२१ मध्ये ती मुलीला घेऊन कळव्याला भाड्याच्या घरात राहायला गेली. तो आईबरोबर तिथेच राहिला. २०२४ मध्ये परस्पर संमतीने वेगळं व्हायचं ठरलं, आणि मुलीचा ताबा, भेटीचे दिवस, शाळेची फी हे सगळं दोन बैठकांत मिटलं. घर मात्र मिटेना. त्याला ते ठेवायचं होतं आणि तिला आपल्या हिश्श्याचे पैसे हवे होते. प्रश्न एवढाच राहिला, की हिस्सा किती पैशांचा?

उत्तरं दोन होती. त्याच्या व्हॅल्युअरच्या, म्हणजे घराची किंमत काढणाऱ्या तज्ज्ञाच्या, रिपोर्टमधला जो आकडा त्याच्या वकिलांनी पुढे केला तो ९४ लाख ५० हजार. तिच्या रिपोर्टमधला १ कोटी ४२ लाख. घर एकच, महिना एकच, आणि फरक ४७ लाख ५० हजारांचा. दोन्ही बाजूंना वाटत होतं की समोरच्याने व्हॅल्युअर फोडला आहे. दोन्ही वकिलांनी मिळून तिसरा माणूस म्हणून मला बोलावलं, फी दोघांनी निम्मी-निम्मी द्यायची या अटीवर. मी सिव्हिल इंजिनियर, नोंदणीकृत व्हॅल्युअर. ओळख पटेल असं इथे काही ठेवलेलं नाही, आकडे गोल केले आहेत, पण गणित जसं झालं तसंच आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात, कारण पहिल्या बैठकीतच गैरसमज निघाला. तिच्या भावाने कुठेतरी वाचलं होतं की घटस्फोटात घर आपोआप निम्मं होतं. आपल्याकडे तसा नियम नाही. लग्न झालं म्हणून नवऱ्याचं घर बायकोच्या अर्ध्या मालकीचं होत नाही, आणि उलटही नाही. राहण्याचा हक्क वेगळा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तो देतो, मालकी देत नाही. इथे निम्मा हिस्सा आला तो खरेदीखतावर दोन नावं होती म्हणून. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ म्हणतं की दोघांनी मिळून घेतलेल्या मालमत्तेत कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसेल तर हिस्से समान धरायचे. पुरावा काढायचा तर बारा वर्षांची बँक स्टेटमेंट उकरावी लागली असती. दोघांचेही पगार त्याच घरात गेले होते. समान हिस्सा दोघांनी मान्य केला आणि तो विषय तिथेच संपला.

मग मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. व्हॅल्युएशनच्या भांडणात लोक शेवटच्या पानावरचा आकडा बघतात. मी आधी क्षेत्रफळाची ओळ बघतो.

त्याच्या रिपोर्टमध्ये कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ, ५०० चौरस फूट, दर फुटाला २१,००० रुपये, म्हणजे बाजारभाव १ कोटी ५ लाख. मग ९४ लाख ५० हजार कुठून आले? हा व्हॅल्युअर बँकेच्या पॅनेलवरचा, आणि त्याने सवयीने बँकेचा नमुना वापरला होता. त्या नमुन्यात बाजारभावाखाली आणखी दोन आकडे असतात. पहिला ‘रिअलायझेबल व्हॅल्यू’, बहुधा बाजारभावाच्या ९० टक्के; दुसरा ‘डिस्ट्रेस व्हॅल्यू’, ८० टक्क्यांच्या आसपास. कर्ज थकलं आणि बँकेला घाईने घर विकावं लागलं तर पदरात काय पडेल, याचे ते अंदाज. त्या दोघांपैकी कोणालाच घर घाईने विकायचं नव्हतं, उलट एकाला ते ठेवायचंच होतं. वकिलांनी तीन आकड्यांतला मधला उचलला आणि याचिकेला जोडला. व्हॅल्युअरने खोटं काही लिहिलं नव्हतं. चुकला तो आकडा निवडणारा.

तिच्या रिपोर्टमध्ये क्षेत्रफळ ६०० चौरस फूट, दर २३,०००, आणि पार्किंगचे वेगळे ४ लाख. हे ६०० खरेदीखतात लिहिलेलं बिल्टअप होतं. जुन्या खरेदीखतांत बिल्टअप लिहायचीच पद्धत होती. भिंतींची जाडी धरून कार्पेटच्या साधारण १.२ पट. दर मात्र २३,००० हा कार्पेटचा. बिल्टअपला कार्पेटचा दर लावला की प्रत्येक भिंतीचेही फूट विकल्यासारखे होतात. हा घोटाळा मी इतक्या रिपोर्टमध्ये पाहिला आहे, की आता रागही येत नाही.

फरकाची फोड मी दोन्ही वकिलांसमोर कागदावर केली. रिअलायझेबलची वजावट साडेदहा लाख. क्षेत्रफळाची गफलत, १०० फूट गुणिले २१,०००, म्हणजे २१ लाख. पार्किंग ४ लाख. दराचा फरक, २,००० रुपये गुणिले ६०० फूट, १२ लाख. बेरीज ४७ लाख ५० हजार. आणि बरोबर क्षेत्रफळावर दराचा फरक धरला तर तो १० लाखांवर येतो. म्हणजे दोन जाणकारांचं खरं मतभेदाचं अंतर दहा लाखांचं. बाकीचे पैसे कधी कुणाचे नव्हतेच. तिचे वकील हसले. त्याचे वकील हसले नाहीत, पण पुढच्या बैठकीला ‘फोडलेला व्हॅल्युअर’ हा शब्द कुणी काढला नाही.

पार्किंगचंही तिथेच उरकतो. सोसायटीच्या आवारात उघड्यावर जागा, दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटतात. २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बिल्डरला स्टिल्ट (इमारतीखालचं, खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही. इथे तर ती जागा वाटून देणारी सोसायटीच. जी जागा पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या चिठ्ठीत निघू शकते तिचे चार लाख कसे धरायचे?

१५ सप्टेंबर २०२४, रविवार. पाहणीला दोघंही हजर हवेत हे मी आधीच लेखी कळवलं होतं. एकटा असलेला माणूस व्हॅल्युअरला घर दाखवत नाही, बाजू दाखवतो. इथे दोघं होते तरी तेच झालं. त्याने मला थेट बाथरूममध्ये नेलं आणि वरच्या गच्चीतून झिरपलेला ओलाव्याचा डाग दाखवला. मग जिना. ‘सर, आईला आठवड्यातून एकदाच खाली नेता येतं.’ तिने हॉलची खिडकी उघडली. ‘पूर्वेचं ऊन आहे, समोर बांधकाम नाही. आणि तलावपाळी, गडकरी रंगायतन, सगळीकडे चालत जाता येतं.’ तीन वर्षांनी ती त्या घरात पाऊल टाकत होती. सासूबाईंनी चहा टाकला, विचारलं नाही, चार कप आणले. ती उभ्यानेच प्यायली.

लेझर मीटरने सगळ्या खोल्या मोजल्या. मंजूर नकाशात कार्पेट ४६८ आणि बाल्कनी ३२. बाल्कनी कधीच हॉलमध्ये घेतलेली होती, त्या इमारतीत सगळ्यांनीच. बाजार तिला खोलीच समजतो, म्हणून मी ५०० धरले, पण नकाशाशी न जुळणारी बाब म्हणून रिपोर्टमध्ये वेगळी लिहिली. हे लिहिलं की एक पक्ष नाराज होतो. लिहिलं नाही तर पुढे बँकेचा माणूस येऊन तेच लिहितो आणि माझा रिपोर्ट खोटा पडतो.

स्वयंपाकघरात तिने मला थांबवलं. २०१७ मध्ये तिने स्वतःच्या बोनसमधून ओटा, ट्रॉल्या, चिमणी केली होती, ३ लाख २० हजारांची. पावत्या फाईलमध्ये नीट लावलेल्या. ‘हे धरणार ना?’ मी म्हटलं, ताई, धरतो, पण पावतीच्या भावाने नाही. सात वर्षांच्या ट्रॉल्यांसाठी गिऱ्हाईक वेगळे पैसे मोजत नाही. फार तर दोन घरांत हे घर आधी निवडतो. दराच्या समायोजनात मी थोडा फरक दिला, वेगळी ओळ दिली नाही. तिला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नसावं.

दराकडे वळतो. त्याने सुरुवातीला रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, पुढे केला होता: ‘सरकारनेच भाव ठरवलाय की.’ रेडी रेकनरने या घराची किंमत ७८ लाखांच्या आसपास येत होती. पण तो दर मुद्रांक शुल्क किती घ्यायचं यासाठी आहे. एका विभागाला एक दर. गल्ली, ऊन, सोसायटीचा हिशेब, टाकीत येणारं पाणी त्याला दिसत नाही. घटस्फोटात तो खालची पायरी म्हणून उपयोगी, किंमत म्हणून नाही.

खरी किंमत शेजारच्या व्यवहारांतून काढायची. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, शोधता येतो, तिथून मी वर्षभरातले व्यवहार काढले. एक व्यवहार काका-पुतण्यातला निघाला, तो बाजूला ठेवला. एक पुनर्विकसित टॉवरमधला, लिफ्ट, पोडियम, नवी पाइपलाइन असलेला, तोही बाजूला. तिच्या व्हॅल्युअरने मात्र त्याच टॉवरच्या जाहिरातीतल्या भावावरून खाली येत २३,००० गाठले होते. जाहिरातीतला भाव हा विकणाऱ्याची इच्छा असते. त्याच्या व्हॅल्युअरचा आधार २०२२ चा एक व्यवहार होता, खरा पण शिळा. मला दोन चांगले मिळाले, दोन्ही त्याच इमारतीतले. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट २१,६०० ने, आणि पाच महिन्यांनी पहिल्या मजल्यावरचा २२,८०० ने. मजला, ओलावा, किचन यांचं कमी-जास्त करून मी २२,००० वर थांबलो. ५०० फूट, म्हणजे १ कोटी १० लाख.

त्या दोन व्यवहारांमधल्या पाच महिन्यांत काय झालं होतं हे महत्त्वाचं. सोसायटीने सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा ठराव केला होता. ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडी, चरईच्या जुन्या सोसायट्यांत हा शब्द उच्चारला की घराची किंमत ही दोन घरांची किंमत होते: आज उभं असलेलं आणि उद्या मिळणारं. तिच्या वकिलांचं म्हणणं रास्त होतं. तिने आज हिस्सा सोडला आणि दोन वर्षांनी त्याला मोठं नवं घर, वर कॉर्पस (विकासक सभासदाला देतो ती एकरकमी रक्कम) आणि बांधकाम होईपर्यंतचं भाडं मिळालं तर? त्याचं म्हणणंही रास्त होतं. ठराव झाला म्हणजे क्रेन आली असं नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सल्लागार नेमणे, व्यवहार्यता अहवाल, निविदा, ५१ टक्के सभासदांच्या संमतीने विकासक ठरवणे, मग कुठे विकास करारनामा. या सोसायटीत सल्लागारही नेमला नव्हता. मधल्या कोणत्याही पायरीवर पाच वर्षं बसलेल्या सोसायट्या मी मोजून दाखवू शकतो.

मी उद्याच्या घराचे फूट आज धरले नाहीत. पण आशेलाही बाजारात भाव असतो, आणि तो २२,८०० मध्ये आधीच आलेला होता. त्यावर पुन्हा काही टक्के चढवले असते तर तीच आशा दोनदा विकली गेली असती. रिपोर्टमध्ये मी वेगळा पर्याय सुचवला: संमतीच्या अटींत कलम घाला, की ठरलेल्या मुदतीत विकास करारनामा नोंदला गेला तर कॉर्पसचा अमुक हिस्सा तिला. वकिलांना आवडलं. मुदत चार वर्षं की पाच यावर बोलणी सुरू झाली. आणि तिने स्वतःच ते मोडलं. ‘म्हणजे चार वर्षं मी त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करून विचारायचं? नको. काय ते आज द्या.’ शेवटी पुनर्विकासाच्या आशेपोटी एकरकमी दीड लाख ठरले. मला ती रक्कम कमी वाटली, आजही वाटते. पण मी घराची किंमत लावतो, सुटकेची नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र तारखेने खाल्ला. त्याचा आग्रह मे २०२१ चा: ती गेली त्या दिवसाची किंमत धरा, त्यानंतरचे हप्ते मी एकट्याने भरले. घटस्फोटात कोणत्या दिवसाची किंमत धरायची हे आपल्या विवाह कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, ठरवून घ्यावं लागतं. माझं मत सरळ होतं. मालक म्हणून तिचं नाव आजही कागदावर आहे, तर भाववाढ दोघांची. पाहणीची तारीख धरा, आणि हप्त्यांचा हिशेब वेगळा करा. किंमतीत कालवू नका.

तो हिशेब असा. महिन्याला सुमारे ४०,५०० चा हप्ता, ४० महिने, १६ लाख २० हजार. त्यातले निम्मे, ८ लाख १० हजार, त्याने तिच्या वतीने भरले असं धरता येतं. पण त्याच ४० महिन्यांत तिच्या अर्ध्या घरात तो राहिला. तसा फ्लॅट ३०,००० ने भाड्याने गेला असता. तिचे निम्मे १५,००० प्रमाणे ६ लाख. उरले २ लाख १० हजार त्याच्या बाजूने. समुपदेशक बाईंनी एकच प्रश्न विचारला: या तीन वर्षांत मुलीची शाळेची फी कोणी भरली? तिने. त्याने दोन लाख दहा हजार सोडले.

त्याच्या वकिलांची आणखी एक मागणी होती: १ कोटी १० लाखांतून दलाली आणि विक्रीवरचा कर वजा करा. मी नाही म्हटलं. घर विकलं जात नाहीये, दलाल आलेला नाही. न झालेल्या खर्चाचा निम्मा भार तिच्यावर टाकायचा हा कुठला हिशेब?

तर १ कोटी १० लाख, त्यातून शिल्लक कर्ज २७ लाख वजा, उरले ८३. निम्मे साडेएकेचाळीस, अधिक दीड. तिला रोख ४३ लाख, आणि साडेतेरा लाखांच्या कर्जातून सुटका. २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परस्पर संमतीच्या घटस्फोटातली सहा महिने थांबण्याची मुदत न्यायालय माफ करू शकतं असं म्हटलं, त्यामुळे तीन वर्षं वेगळं राहिलेल्या या दोघांना ती माफी मिळायला अडचण नव्हती. अडचण बँकेत आली.

न्यायालयाच्या हुकमाने सहकर्जदार सुटत नाही, बँक सोडेल तेव्हाच सुटतो. त्याला जुनं कर्ज २७ आणि तिचे ४३ असे ७० लाख एकट्याच्या पगारावर उभे करायचे होते. किंमतीच्या मानाने ७० लाख बसत होते. पण इमारत चाळीस वर्षांची. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये दुरुस्तीचे शेरे होते, म्हणून बँकेने वीसऐवजी बारा वर्षांचीच मुदत दिली. नऊ टक्क्यांनी ७० लाखांचा हप्ता वीस वर्षांना ६३,००० बसतो, बारा वर्षांना जवळपास ८०,०००. हातात येणारा पगार सव्वा लाख, त्याच्या निम्म्यापर्यंतच हप्ता मंजूर. म्हणून कर्ज मिळालं ५५ लाख. उरलेले १५ कसे? भविष्य निर्वाह निधीतून ९, चिपळूणच्या भावाकडून ६. हे सगळं दिवाळीच्या आधी कळलं असतं तर एक महिना वाचला असता. आता मी अशा कामात पहिल्याच दिवशी सांगतो: किंमत निघायच्या आधी बँकेत जाऊन या.

कागद करताना कुणीतरी सुचवलं की जवळच्या नात्यात हक्कसोडपत्र नाममात्र शुल्कात होतं. होतं, पण वडिलोपार्जित मालमत्तेचं. विकत घेतलेल्या फ्लॅटचा हिस्सा सोडला तर त्या हिश्श्यावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागतं, आणि ते लाखांत जातं. मग दुसरी शक्कल निघाली: अजून नवरा-बायकोच आहात, राहत्या घराचं बक्षीसपत्र करा. पण बक्षीस म्हणजे मोबदला नाही, आणि संमतीच्या अटींत तर हिश्श्यापोटी ४३ लाख लिहिलेले. एकाच व्यवहाराचे दोन कागद एकमेकांना खोटं पाडणार. त्याच्या वकिलांनी ते झटकून टाकलं, हे मला आवडलं. शुल्क त्याने भरलं.

तिच्या सीएने मात्र एक चांगली गोष्ट वेळेवर सांगितली. हिस्सा मोबदला घेऊन सोडणं हे करासाठी हस्तांतरणच. ४३ रोख आणि साडेतेरा लाखांचं कर्ज मिळून ५६ लाख ५० हजार मिळाले, मूळ खर्च तिच्या निम्म्याचा २९ लाख. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत. महागाई निर्देशांक न धरता साडेबारा टक्के, म्हणजे साडेसत्तावीस लाखांवर ३ लाख ४३ हजारांच्या पुढे. किंवा निर्देशांक धरून २० टक्के. २०१२-१३ चा निर्देशांक २००, २०२४-२५ चा ३६३, त्याने २९ लाखांचे ५२ लाख ६३ हजार ५०० होतात, नफा उरतो ३ लाख ८६ हजार ५०० आणि कर ७७,३००, उपकर वेगळा. तिने अर्थातच दुसरा घेतला. पुनर्विकासाच्या दीड लाखावर घासाघीस करणाऱ्या बैठकीत करातल्या या अडीच लाखांहून मोठ्या फरकाबद्दल कुणी बोललंही नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये हक्कसोडपत्र नोंदलं, डिमांड ड्राफ्ट तिच्या हातात पडला, आणि बँकेने तिचं नाव काढलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मला त्याचा फोन आला होता. रिपोर्टची आणखी एक प्रत हवी होती, सोसायटीला द्यायला. बोलता बोलता म्हणाला, सल्लागार नेमला, आता निविदा काढणार. मी विचारलं, लिफ्टचं काय? ‘नव्या बिल्डिंगमध्ये असेलच की,’ तो म्हणाला. निविदा निघाल्या, दोन विकासक आले, एकाने कागद बघून माघार घेतली. करारनामा अजून झालेला नाही.